भरलेलं धरण, कोरडे नळ: जगबुडीच्या कादंबरीपासून तिच्या ई-बुकपर्यंत

जगाच्या अंताची कादंबरी लिहायची तर ती नाशिकमध्येच घडली पाहिजे, एवढं एक मी सुरुवातीपासून धरून ठेवलं होतं. कथाबीज नंतर आलं, आधी गाव ठरलं. याचं कारण साधं आहे. आपल्या गावात पाणी कुठून येतं, वीज कुठून येते, दूध पहाटे कोणत्या रस्त्याने येतं हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून ते कुठे तुटेल हेही दिसतं. न्यूयॉर्क बुडालेलं मी लिहू शकेन, पण तिथल्या भाजीवाल्याने दुसऱ्या दिवशी काय केलं हे मला सांगता येणार नाही. आणि मला तर तो दुसरा दिवसच लिहायचा होता.

कल्पना शोधताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहिले: इथे जग याआधी केव्हा संपलं होतं?

नाशिककराला हा प्रश्न विचारला की तो आधी नदीकडे बोट दाखवतो. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात आपण पाणी मीटरमध्ये सांगत नाही, मारुतीच्या अंगावर सांगतो. कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्यापर्यंत आलं. त्याच्याही वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. हे देऊळ १७४७ सालचं, घंटा वसईच्या विजयाची. पूर तिच्यापर्यंत पोचला की शहराला धोका, हे जुन्या नाशकातल्या प्रत्येक घराला माहीत असतं. सप्टेंबर १९६९ चा पूर पाहिलेली माणसं अजून आहेत. त्यानंतर २००८, २०१६ आणि २०१९ ला सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं ते तर आपण सगळ्यांनी पाहिलं. मी भांडी बाजारातल्या एका दुकानदाराशी बराच वेळ बोलले. पाणी येणार असं कळल्यावर आधी काय उचलता, असं विचारलं. ते म्हणाले, "ताई, आधी वह्या. भांडं धुतलं की भांडंच राहतं. उधारीची वही भिजली की माणसं संपली." हे वाक्य मी तसंच्या तसं कादंबरीत घेतलं, त्यांना विचारून.

नंतर मी डोंगराकडे पाहिलं. पांडवलेणी ज्या काळ्या फत्तरात कोरली आहेत तो लाव्हाचा थर आहे. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज, आपल्या भोवतीचा सगळा सह्याद्री सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून थरावर थर चढत तयार झाला. डायनासोर नाहीसे झाले तो हाच काळ. मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीचा वाटा मोठा की दख्खनच्या लाव्हाचा, यावर भूशास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात. म्हणजे पृथ्वीवरच्या एका महाअंताच्या साक्षीदारावर आपण घरं बांधली आहेत, आणि रविवारी सकाळी त्याच्या पायऱ्या चढून भेळ खातो. हे कळल्यावर मी कित्येक दिवस अस्वस्थ होते. पण त्यावर कादंबरी लिहिता येईना, कारण त्या अंतात माणूस नव्हता.

हरिश्चंद्रगडाची कल्पना मात्र फार जवळ आली. गड अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातला, पण आपल्याकडून जाणारे पुष्कळ. तिथल्या केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात शिवलिंग आहे आणि भोवती चार खांब होते. तीन तुटले आहेत, एक शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगं, चौथा पडला की कलियुग संपणार, अशी लोकांची श्रद्धा. मी आधी याच खांबाभोवती कथा रचायला घेतली होती. दोन प्रकरणांनंतर ती बाजूला ठेवली. तिथे अंत दैवाने येतो. खांब पडतो, जग संपतं, माणसाच्या हातात काही राहत नाही. मला अशी गोष्ट हवी होती जिच्यात कुणाला तरी काहीतरी करता येईल. तो खांब तरीही पुस्तकात आहे. गावातली एक म्हातारी त्याच्याबद्दल बोलते, एवढाच.

खरा रस्ता दाखवला आईने. १९७२ च्या दुष्काळात ती सिन्नर तालुक्यात माहेरी होती, शाळकरी वयाची. खडी फोडायला आजी जायची, शाळेत सुकडी मिळायची, रेशनवर परदेशी लाल मिलो (ज्वारीचाच प्रकार) यायचा आणि त्याच्या भाकरीला चव नसायची. मी तिला विचारलं, "आई, तेव्हा लुटालूट झाली का गं?" कारण मी वाचलेल्या सगळ्या प्रलयकथांत दुसऱ्याच दिवशी लुटालूट सुरू होते. आई जरा रागावलीच. म्हणाली, "लुटायला काय होतं कुणाकडे? माणसं रांगेत उभी राहत होती. पहाटेपासून. रांगेत भांडत होती, पण रांग सोडत नव्हती." त्या दिवशी कादंबरीचा सूर ठरला. माझ्या जगबुडीत टोळ्या नाहीत, बंदुका नाहीत. रांगा आहेत. रांगेत कोण पुढे, कोण मागे, कुणाला उभंच राहू देत नाहीत, यातच माणसाचं सगळं भलंबुरं दिसतं.

एक गोष्ट मी जाणूनबुजून घेतली नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या शहरातल्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले. लिहिणाऱ्याला असा प्रसंग खुणावतो, हे मी नाकारत नाही. पण ज्यांची माणसं गेली ती याच शहरात राहतात, त्याच रस्त्यांवरून जातात. दूरच्या पुराला, शंभर वर्षांपूर्वीच्या प्लेगला कथा होण्याइतकं अंतर पडलेलं असतं. याला पडलेलं नाही. प्रलयकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःपुरती अशी एक सीमा आखावी असं मला मनापासून वाटतं.

आता अंताचं कारण. ते मला सूर्यात सापडलं आणि तेही मुंबईमार्गे. १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आजवर नोंदलेलं सर्वांत तीव्र सौरवादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. आणि त्या वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद झाली ती कुलाब्याच्या वेधशाळेत. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आल्याचं तिथल्या वहीत आहे आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही ती नोंद वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये अलिबागला हलवली, विजेमुळे मोजमापात गडबड होऊ नये म्हणून. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. जगाच्या अंताची नोंद करणारा माणूस रात्री दिव्याच्या उजेडात बसलेला, आणि तो कुलाब्यात!

पण विज्ञान कथेच्या सोयीने वाकवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. भारत विषुववृत्ताजवळ आहे, त्यामुळे अशा वादळाचा आपल्या वीजजाळ्यावर होणारा थेट परिणाम कॅनडासारख्या देशांपेक्षा कमी असतो. मार्च १९८९ मध्ये क्वेबेकची वीज नऊएक तास गेली तशी आपली जाईलच असं नाही. मे २०२४ च्या वादळात लडाखमध्ये हानळेला आकाश लाल झालं, आपल्याकडे दिवे चालू होते. मग नाशिक अंधारात जाणार कसं? याचं उत्तर मला जुलै २०१२ च्या घटनेत मिळालं. ३० आणि ३१ तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीज गेली होती, सौरवादळ नसताना. पश्चिम विभाग तेव्हा वाचला. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं जाळंही जोडलं जाऊन देशाचं एकच ग्रिड झालं. यात फायदा मोठा आहे, पण कथाकाराला त्यात दुसरी शक्यता दिसते. शिवाय औष्णिक केंद्र पूर्ण बंद पडलं की ते पुन्हा सुरू करायलाच बाहेरून वीज लागते. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुराडी रोज दिसणाऱ्या माणसाला हे वाक्य फार वेगळं ऐकू येतं. मोठे ट्रान्सफॉर्मर मागणीनुसार बनतात आणि त्याला महिनेच्या महिने लागतात. साऱ्या जगाने ते एकाच वेळी मागितले तर? मला एवढं पुरेसं होतं. एका असंभाव्य गोष्टीची मुभा वाचक देतो, त्यापुढचं सगळं खरं असावं लागतं.

मग साखळी सुरू झाली. वीज नाही म्हणजे टॉवर काही तासांत मुके. एटीएम बंद. नाशिकरोडला नोटा छापणारा कारखाना आहे. ज्या गावात देशाच्या नोटा छापल्या जातात त्याच गावात नोट कुणी घेईना, हे प्रकरण लिहिताना हात थांबत नव्हता. लासलगावात २००२ पासून कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करून कोंब रोखणारं केंद्र आहे. तो कांदा टिकतो, पण तो शहरात आणायला डिझेल कुठलं? द्राक्षांची शीतगृहं पहिल्याच आठवड्यात गेली.

आणि पाणी. इथे कादंबरी सापडली. आपलं पिण्याचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं, पंपाने उचलून. पंप थांबले की धरण काठोकाठ भरलेलं आणि नळ कोरडे. लोक बादल्या घेऊन नदीवर जातात. पण मलनिस्सारण केंद्रंही विजेवर चालतात, तीही बंद. म्हणजे सोमेश्वरला भरलेली बादली आणि तपोवनाखाली भरलेली बादली यांत जीवन-मरणाचं अंतर. शहर नदीच्या वरचं आणि खालचं असं दुभंगतं. पैठणला, जायकवाडीला पाणी सोडण्यावरून कमी पावसाच्या वर्षी जो वाद पेटतो तो एका शहराच्या आत, गल्ल्यागल्ल्यांत सुरू होतो.

एवढ्यावर मी खूश होते, तोवर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नळाचं सोड. तुझं वादळ कोणत्या महिन्यात येतं?" मी म्हटलं, मेच्या शेवटी. "मग जुलैत दरवाजे कोण उचलणार?" गंगापूर धरण मातीचं आहे. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू देणं परवडत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं तेही मातीचंच धरण. दरवाजे विजेच्या मोटारीने उचलतात, वीज नसेल तर जनरेटर, आणि तेही नसेल तर हाताने फिरवायची सोय असते. "हँडल मारायचं," काका म्हणाले. "फेऱ्यांवर फेरे. दरवाजा बोटभर वर सरकतो. चार माणसं लागतात, दमली की दुसरी चार."

कादंबरीचा शेवट तिथेच मिळाला. ज्या शहराला महिनाभर पाणी मिळालं नाही ते शहर पावसात रांग लावतं, ती हँडल फिरवायला. वरच्या आळीची माणसं आणि खालच्या आळीची माणसं, पाळीपाळीने.

लिहिण्याबद्दल थोडंच सांगते. दिवसा नोकरी, लिखाण पहाटे. संदर्भासाठी सार्वजनिक वाचनालयाचा आधार मोठा होता. १८४० पासूनची ही संस्था आहे, जुन्या पुरांची, प्लेगची, दुष्काळाची वर्णनं जुन्या ग्रंथांत सापडली. प्लेगात लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहत, ती व्यवस्था मी कादंबरीत तपोवनापलीकडे वसवली. वादळ मी पहिल्या चार पानांत उरकलं. प्रलयकथेत प्रलय लवकर संपवावा असं माझं ठाम मत झालं आहे. वाचकाला स्फोट बघायचा नसतो, त्याला आपलं घर त्यात कसं तगेल हे बघायचं असतं.

छापील पुस्तकाचा विचार मी केला होता. पण नव्या लेखिकेची, या विषयावरची, लहान कादंबरी. एका प्रकाशकाने खर्चाचा मोठा वाटा मी उचलावा असं सुचवलं. ते पैसे मी मुद्रितशोधकाला आणि मुखपृष्ठाला देणं पसंत केलं आणि ई-बुक स्वतः काढायचं ठरवलं. मराठीत वाटा बऱ्याच आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान पुस्तकं विनामूल्य वाचकांपर्यंत नेतं, बुकगंगावर ई-बुक विकता येतं, प्रतिलिपीवर क्रमशः लिहिता येतं. माझे वाचक परदेशातही असतील, नाशकातून बाहेर गेलेली मुलं-मुली, असं वाटून मी ॲमेझॉनचं किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजे केडीपी, निवडलं. तिथे मराठी भाषा चालते.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, हे पहिलं. डीटीपीवाल्यांकडे जुने फॉन्ट असतात आणि त्यातून रूपांतर करताना सर्वांत जास्त मार बसतो तो ऱ्या-ला. माझ्या पुस्तकात घाटाच्या पायऱ्या, डोंगरातल्या दऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे शब्द पानोपानी. एका वाचन-प्रतीत सगळ्या 'पायऱ्या' 'पायर्या' झालेल्या होत्या. म्हणून मुद्रितशोधनानंतर मी 'र्या' शोधून प्रत्येक जागा स्वतः तपासली, कारण काही ठिकाणी ते बरोबरही असतं. सूर्याला हात लावून चालणार नव्हतं. 'ॲ' चंही तसंच. प्रकरणांची नावं शीर्षक-शैलीत टाकली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. ओळी दोन्ही कडांना जुळवू नयेत. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब मराठी शब्दांमध्ये खिंडारं पडतात. किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये पान अन् पान पाहिलं, फोनवर, टॅबवर, अक्षर मोठं करून आणि लहान करून. हे काम कंटाळवाणं आहे, पण वाचकाचा मान ठेवायचा तर ते करावंच लागतं.

मुखपृष्ठ शक्यतो २५६० बाय १६०० पिक्सेलचं ठेवावं, उभं. जळणाऱ्या इमारती नकोत हे पक्कं होतं. पुराच्या पाण्यातला मारुती सुंदर दिसला असता, पण देवाची मूर्ती विक्रीसाठी वापरणं मला रुचलं नाही. शेवटी लोखंडी हँडलवर ठेवलेले दोन हात घेतले, एक तरुण, एक सुरकुतलेला. चित्रकाराला एकच विनंती केली होती, शिरोरेषा जाड ठेव. दुकानात मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं आणि तिथे बारीक शिरोरेषा विरून जाते.

खात्यासाठी पॅन आणि बँकेचा तपशील लागतो. मग करमुलाखत नावाचा एक अर्ज. तिथे पॅन दिला की भारत-अमेरिका करारामुळे अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, सावकाश वाचावं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ई-बुकला तिथे सक्तीचा नाही, ते आपला वेगळा क्रमांक देतात. हवा असेल तर भारतात राजा राममोहन राय संस्थेमार्फत तो विनामूल्य मिळतो. मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केला आहे का, असाही प्रश्न येतो. शोधशब्दांसाठी सात जागा असतात. तिथे मी विज्ञान कादंबरी, प्रलय, नाशिक असं घातलं आणि रोमन लिपीतही तेच शब्द घातले, कारण आपल्याकडे पुष्कळ लोक मराठी पुस्तक इंग्रजी अक्षरांतच शोधतात.

रॉयल्टीचा निर्णय मात्र विचाराने घ्यावा लागतो. ३५ टक्के आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट या योजनेत पुस्तक घालावं लागतं, आणि मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच देता येत नाही, फुकटही नाही. त्या बदल्यात किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या सेवेचे सभासद ते वाचू शकतात आणि वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. पाच दिवस पुस्तक मोफत ठेवण्याचीही सोय असते. मी सिलेक्ट घेतलं. माझ्या बाबतीत विक्रीपेक्षा पानं जास्त वाचली गेली, आणि कोणत्या दिवशी किती पानं वाचली गेली हे आलेखावर दिसतं. पुस्तक आल्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसात, गंगापूरमधून विसर्ग सोडल्याची बातमी आली त्या रात्री, ती रेघ सरळ वर गेली. लोक खिडकीबाहेर पाऊस ऐकत माझी कादंबरी वाचत होते.

पैसे किती मिळाले असं विचारणारे असतात. मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचा खर्च निघाला, वर थोडं उरलं. महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी रक्कम बँकेत येते.

वाचकांची पत्रं मात्र पुष्कळ आली. निफाडच्या एका शेतकऱ्याने कांद्याच्या प्रकरणावर सविस्तर लिहिलं. कांदाचाळीत नीट हवा खेळती ठेवली तर गावठी उन्हाळ कांदा पाचेक महिने सहज निघतो, किरणांची गरजच नाही, आणि वीज गेल्यावर शहराला कांदा बैलगाडीने पुरवायला चांदवड, निफाड, दिंडोरीची कोणती गावं आधी पुढे येतील याची त्यांनी यादीच दिली होती. ती यादी मी समोर ठेवली आहे. दुसरी कादंबरी त्या बैलगाड्यांची आहे. वादळाच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसाच्या आधी, चांदवडच्या घाटातून उतरणाऱ्या. पुढच्या महिन्यात मी निफाडला जाऊन त्या शेतकऱ्याच्या कांदाचाळी बघणार आहे आणि ज्यांच्याकडे अजून बैल आहेत त्यांच्याशी बोलणार आहे.